सीमाभागातून ऊर्जेच्या पदवीकडे: दाखल्यांपासून पंपाच्या मोजणीपर्यंत

ऊर्जा शिकायची म्हणजे सोलर शिकायचं, असं समजून पुष्कळ मुलं या वाटेला येतात. प्रत्यक्षात चार वर्षांत सोलरच्या वाट्याला जेमतेम एक-दोन विषय येतात. बाकीचा सगळा काळ वाफ, पाण्याचा प्रवाह, मोटर-ट्रान्सफॉर्मर, भट्ट्या, बॅटरी आणि खर्चाचे हिशेब यांत जातो. ते आवडणार असेल तर पुढे वाचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हल्याळ या पट्ट्यातल्या मराठी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. इथल्या मुलाला विषय फारसा अडवत नाही. दाखले आणि भाषा अडवतात.

शाखेचं नाव नको, विषयांची यादी बघा

‘ऊर्जा अभियांत्रिकी’ अशी पाटी असलेली पदवी देशात मोजक्या ठिकाणी आहे. आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्लीत ती मिळते. त्यासाठी जेईई मेन आणि मग ॲडव्हान्स्ड. घरी राहून, बसने ये-जा करत शिकायचं असेल तर व्यवहारात दोनच दारं: इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात आहे (स्थापना १९९८), आणि उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटपासून हल्याळच्या विश्वनाथराव देशपांडे इन्स्टिट्यूटपर्यंत कॉलेजांची कमतरता नाही.

कॉलेज निवडण्याआधी त्याचा आठही सेमिस्टरचा अभ्यासक्रम डाउनलोड करून कागदावर तीन रकाने पाडा. पहिला उष्णतेचा: थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, बॉयलर-टर्बाइन. दुसरा विजेचा: सर्किट, मशिन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, पॉवर सिस्टिम्स. तिसरा पैशाचा आणि नियमांचा: एनर्जी ऑडिट (वीज-इंधन कुठे वाया जातं याची तपासणी), वीजदर, प्रकल्पाचं अर्थकारण. इलेक्ट्रिकलला गेलात तर पहिला रकाना जवळजवळ रिकामा दिसेल, मेकॅनिकलला गेलात तर दुसरा. तिसरा बहुतेक कॉलेजांत दोन्हीकडे रिकामाच असतो. ही रिकामी जागा ओपन इलेक्टिव्हमधून (आपण निवडायच्या विषयांतून) आणि एनपीटीईएलच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांतून भरायची, हे पहिल्या वर्षीच ठरवून टाका. तिसऱ्या वर्षी इलेक्टिव्ह निवडताना वर्गातले सगळे एका सोप्या विषयाकडे धावतात आणि हीट ट्रान्सफर राहून जातं. पुढे साखर कारखान्यात किंवा ऑडिट कंपनीत मुलाखतीला बसल्यावर पहिला प्रश्न तिथलाच येतो.

दोन आडवाटाही चांगल्या आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी (डिप्लोमाच्या मुलांची प्रवेशपरीक्षा) दिली की थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या मुलांचा हात वर्कशॉपमध्ये बसलेला असतो, पण दुसऱ्या वर्षाचं गणित त्यांना जड जातं. सुट्टीत डिफरेन्शियल इक्वेशन करूनच या. दुसरी वाट फिजिक्स घेऊन बीएस्सी करण्याची. कर्नाटकात ती २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. सोलर सेल, बॅटरी, पदार्थविज्ञान अशा संशोधनाकडे ओढा असेल तर हीच वाट सरळ पडते. यंत्रं चालवायची असतील तर मात्र नाही.

दाखले: सगळ्यात जास्त घोळ इथेच

कर्नाटकातला सरकारी कोट्याचा प्रवेश केसीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेतून होतो. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताचे प्रत्येकी ६० प्रश्न, प्रत्येक पेपरला ८० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये सीईटीचे निम्मे आणि दुसऱ्या पीयूसीच्या (बारावीच्या) याच तीन विषयांचे निम्मे गुण धरतात. बोर्डाची परीक्षा ‘फक्त पास होण्यापुरती’ दिलेली मुलं इथे मागे पडतात.

पात्रतेसाठी पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण असावी लागते. निपाणीची मुलं अकरावी-बारावीला कागल-कोल्हापूरला जातात आणि मग घाबरतात. दहावीपर्यंत कर्नाटकात शिकून एसएसएलसी (कर्नाटकची दहावीची परीक्षा) इथूनच दिली असेल तर त्या मुद्द्यावर घाबरायचं कारण नाही. उलटं झालं, म्हणजे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून दिल्या, तर हा दरवाजा बंद.

आरक्षणाबाबत तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठीचा कोटा मराठी शाळेतल्या मुलांना मिळत नाही. ग्रामीण कोटा मात्र माध्यम बघत नाही. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झालं असेल तर तो जरूर मागा. आणि मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो. त्यासाठी नाडकचेरीतून (दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयातून) घेतलेला, आरडी क्रमांक (दाखल्याचा नोंदणी क्रमांक) असलेला जात-उत्पन्न दाखला लागतो. आत्याच्या गावावरून, गडहिंग्लजवरून आणलेला महाराष्ट्राचा दाखला इथे आरक्षणाला चालत नाही, आणि इथला तिथे चालत नाही. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीच्या एसएनक्यू (सुपरन्युमररी, म्हणजे जादा) जागांसाठीही अर्जातच खूण करावी लागते. नंतर आठवून उपयोग नसतो.

सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि सर्वांत जास्त नडणारी गोष्ट म्हणजे नावाचं स्पेलिंग. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मागे, आधारवर पूर्ण नाव पुढे, आणि आरडी दाखल्यावर आडनावातलं एक अक्षर गायब, असा प्रकार घरोघरी सापडतो. पडताळणी आता संगणकावर होते, आणि संगणकाला ‘अहो, एकच माणूस आहे’ हे सांगता येत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरून बाकी सगळे कागद पीयूसीच्या पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्या. मे महिन्यात तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

ऑप्शन एंट्री करताना, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंती भरताना, दहा-बारा पर्याय भरून थांबू नका. पर्याय कितीही भरता येतात. हव्या त्या क्रमाने, लांबच्या कॉलेजांसकट भरा. जागा मिळाल्यावर चॉइस १ म्हणजे हीच जागा घेतली, चॉइस २ म्हणजे ही हातात ठेवून वरच्यासाठी थांबतो, चॉइस ३ म्हणजे ही सोडून पुढच्या फेरीत जातो, चॉइस ४ म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर. दोन आणि तीन यांची गफलत करून हातातली जागा घालवलेली मुलं कमी नाहीत.

महाराष्ट्रातही दार आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी तिथल्या प्रवेश नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि दोन दाखले विहित नमुन्यातच लागतात: गाव वादग्रस्त सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. नमुने सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत असतात. साध्या लेटरहेडवरचा दाखला नाकारला जातो. या परीक्षेत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत आणि अकरावीवरचे प्रश्न साधारण २० टक्केच असतात. केसीईटीची तयारी केलेल्या मुलाला वेगळं फार शिकावं लागत नाही, पण वेग वाढवावा लागतो. सांगलीचं वालचंद कॉलेज याच वाटेने मिळतं.

मराठी माध्यमातून इंग्रजी पुस्तकाकडे

दहावीला ‘विशिष्ट उष्माधारकता’ शिकलेली मुलगी पीयूसीत ‘स्पेसिफिक हीट’ ऐकते आणि काही नवीन आलं समजून घाबरते. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: एका वहीत तीन रकाने. मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आणि त्याचं एकक. उष्णता वहन, कंडक्शन, वॉट. पहिल्या तीन महिन्यांत दोनशे शब्द झाले की पुस्तक उघडताना छातीत धडधड होत नाही. चौथा रकाना कन्नडचा ठेवलात तर आणखी बरं. वीजबिल, नोटीस बोर्ड, सबस्टेशनमधली पाटी कन्नडमध्येच असते. इंजिनिअरिंगला कन्नड न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’ हा एका क्रेडिटचा विषय असतो. तो कॉपी करून काढू नका. पुढे केपीटीसीएल किंवा हेस्कॉम या सरकारी वीज कंपन्यांच्या अभियंता भरतीत ज्यांनी कन्नड शिकलेलं नाही त्यांना कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भाषेचा अभिमान आपल्या जागी, हा पेपर त्याच्या जागी.

पहिल्या वर्षाची गाळणी

विद्यापीठाच्या २०२२ च्या आराखड्यात (आपल्या वर्षाला कोणता आराखडा लागू आहे ते तपासा) पदवी १६० क्रेडिटची आहे. प्रत्येक विषयाचे ५० गुण कॉलेजातल्या मूल्यमापनाचे, ५० अंतिम परीक्षेचे. आतल्या गुणांत ४० टक्के, अंतिम परीक्षेत ३५ टक्के आणि एकूण ४० टक्के असं तिहेरी कुंपण आहे. आतले गुण कमी पडले तर अंतिम परीक्षेला बसूच देत नाहीत, म्हणून पहिल्या टेस्टपासून सावध. पहिल्या वर्षी उदयोन्मुख तंत्रज्ञानाच्या गटात नवीकरणीय ऊर्जा स्रोतांचा विषय असतो. कॉलेज देत असेल तर तोच घ्या. स्वायत्त कॉलेजांचे नियम थोडे वेगळे असतात, त्यांची नियमपुस्तिका वेगळी वाचा. याशिवाय चार वर्षांत समाजोपयोगी कामाचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट जमवावे लागतात. ते गावातल्या पंपांच्या किंवा शाळेच्या वीजवापराच्या पाहणीत मिळवा. झाडं लावतानाचे फोटो काढण्यापेक्षा त्यात शिकायला जास्त मिळतं.

एककं पाठ असलीच पाहिजेत. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणजे ८६० किलोकॅलरी. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. किलोवॅट हा वेग आहे, किलोवॅट-तास हा साठा. ‘आमच्या घरी महिन्याला ९० किलोवॅट वीज लागते’ असं बोलणारा मुलगा अजून विषयात शिरलेला नाही.

मोजायला घरापासून सुरुवात

पहिलं साधन फुकट आहे: घरचं मीटर. त्यावर एक लाल दिवा मिचकावत असतो आणि तबकडीवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असं काही छापलेलं असतं. आकडा मीटरप्रमाणे बदलतो, आपला वाचा. घरातलं सगळं बंद करून एकच उपकरण लावा आणि मिनिटभर मिचकावण्या मोजा. ३२ भरल्या तर ३२ भागिले ३२०० म्हणजे ०.०१ युनिट एका मिनिटात, म्हणजे तासाला ०.६ युनिट, म्हणजे उपकरण ६०० वॅटचं. सगळं बंद करूनही दिवा मिचकावत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा टीव्हीचा डबा स्टँडबायवर आहे. तो शोधणं हीच पहिली ऑडिट.

दुसरं साधन मल्टीमीटर. त्यातली सर्वांत महागडी चूक अशी: लाल वायर करंटच्या खोबणीत राहते आणि तशीच सॉकेटमध्ये घातली जाते. मीटर त्या वेळी सरळ शॉर्ट असतो. नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो. मोजून झालं की वायर व्होल्टच्या खोबणीत परत, ही सवय लावून घ्या. मेनवर काम करायचं तर कॅट-३ या सुरक्षा दर्जाचाच मीटर हवा.

आता खरा अभ्यास: शेतातली मोटर. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे पंप किती वीज खातो हे बघण्याची कुणाला गरज पडलेली नाही. म्हणूनच ती मोजणी तुमच्यासाठी मोलाची.

१. पाइपच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि भरायला लागलेले सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर.

२. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. पंप अर्धा तास चालल्यावर मोजा. आधी मोजली तर पातळी खाली गेलेली हिशेबात येत नाही. समजा ३० मीटर.

३. पाण्याला मिळालेली शक्ती: ९.८१ × ३० × ५ ÷ १००० = साधारण १.४७ किलोवॅट.

४. वायरमनला सोबत घेऊन स्टार्टरजवळ क्लॅम्प मीटरने प्रत्येक फेजचा करंट घ्या. ४१५ व्होल्टला ६.५ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरं काम करणारा भाग) ०.८ धरला तर १.७३२ × ४१५ × ६.५ × ०.८, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट.

५. भागाकार करा. ४० टक्के.

उरलेले ६० टक्के कुठे गेले, हा प्रश्न एक सेमिस्टरभर पुरतो. बऱ्याचदा दोष मोटरीत नसून पाइपात असतो. सेकंदाला ५ लिटर पाणी १०० मीटर लांबीच्या दोन इंची पाइपातून ढकलताना १३ मीटरच्या आसपास उंची निव्वळ घर्षणात जाते. तीन इंची पाइपात दोन मीटरच्या आत. पाइप स्वस्त घेतला की ते पैसे पंप दररोज वीज खाऊन फेडत राहतो, फक्त बिल दुसरं कुणी भरतं. बाकीची कारणं: तीन-तीनदा वायंडिंग केलेली मोटर, कचऱ्याने तुंबलेला फूट व्हॉल्व्ह, संध्याकाळचा पडलेला व्होल्टेज आणि जळून गेलेला कंडेन्सर (कपॅसिटर), जो कुणी बदलत नाही.

सोलरचंही असंच. या अक्षांशावर पॅनेल दक्षिणेकडे साधारण १६ अंश कललेलं असावं. वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात. पण सरासरीवर भरवसा ठेवून खानापूर-जांबोटीकडच्या घराचा हिशेब केला तर जुलै-ऑगस्टमध्ये तोंडघशी पडाल. अथणीला पाऊस कमी, म्हणून सगळं छान असंही नाही. एप्रिलच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती घटते. म्हणजे ऐन उन्हात १४ टक्के गेले. नारळाच्या एका झावळीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीचा करंट ओढला जातो, म्हणून जागा बघायला सकाळी नऊला आणि दुपारी तीनला जा, बारा वाजता नको. आणि ऊन असताना डीसीचा जोड ओढून कधीच उपसू नका. एसीसारखी ठिणगी विझत नाही, ती पेटत राहते.

गोठा असेल तर गोबरगॅसही मोजा. २५ किलो ताज्या शेणापासून रोज साधारण १ घनमीटर गॅस मिळतो, शेण आणि पाणी समप्रमाणात. थंडीत गॅस कमी येतो तो जीवाणू मंदावल्यामुळे. शेण वाढवून तो वाढत नाही.

जिल्हाच प्रयोगशाळा

वाफेचं चक्र समजत नसेल तर गळीत हंगामात साखर कारखाना बघा. उगार, अथणी, मुनोळी, चिकोडी अशी कारखान्यांची दाटी क्वचितच कुठे असेल. एक टन उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस (उसाचा चोथा) निघतो. त्यात निम्मं पाणी असतं. एका किलोपासून सव्वादोन किलोच्या आसपास वाफ, म्हणजे टनामागे ६३० ते ६७५ किलो. रस आटवायला ४०० ते ४५० किलो लागते. उरलेल्या वाफेवर विकायची वीज तयार होते. म्हणजे वीज जास्त विकायची तर आधी रस आटवताना वाफ वाचवावी लागते, आणि ही गोष्ट पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बाष्पीभवनाच्या पात्रांसमोर उभं राहिल्यावर पटकन कळते. बगॅसमधला ओलावा ५० वरून ५२ वर गेला की बॉयलरवाला का वैतागतो, हे त्यालाच विचारा. भेटीसाठी विभागप्रमुखांच्या पत्रासह महिनाभर आधी लिहा. बूट, हेल्मेट आणि सुती कपडे घालून जा. बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तिचीही माहिती काढा.

पाणचक्कीचा हिशेब गोकाकला करा. धबधबा सुमारे ५२ मीटर उंच. सेकंदाला १० घनमीटर पाणी आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली तर ४ मेगावॅट निघतात. मग एप्रिलमध्ये तिथे जाऊन पाण्याची धार बघा, म्हणजे प्लांट लोड फॅक्टर (क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात निघते) म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. सौंदत्तीकडे वाऱ्याच्या चक्क्या आहेत. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनावर जाते: सेकंदाला ६ मीटरचा वेग ७ मीटर झाला तर शक्ती जवळपास ५९ टक्क्यांनी वाढते, म्हणून टेकडीचा माथा आणि उतार यांच्या भावात फरक. कारवार तालुक्यातलं कैगा, २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्यांचं. तिथली एक क्रमांकाची अणुभट्टी सलग ९६२ दिवस चालून २०१८ च्या अखेरीस थांबली. पण तिथेही शेवटी पाणीच उकळतं. उगारच्या कारखान्यात कळलेलं थर्मोडायनॅमिक्स कैग्यात तसंच लागू होतं.

उद्यमबाग आणि मच्छेतल्या फौंड्र्या तर दाराशीच आहेत. एक टन बीड वितळवायला तत्त्वतः ४०० च्या आसपास युनिट पुरतात, प्रत्यक्षात साडेपाचशे-साडेसहाशे जातात. भट्टीचं झाकण उघडं राहणं, गंजलेला आणि वाळू चिकटलेला भंगार, आणि साचे तयार नसताना वितळलेलं लोखंड ताटकळत ठेवणं, ही तीन मुख्य कारणं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधत असाल तर ‘सौर ऊर्जेवर चालणारी मोबाईल चार्जिंग छत्री’ बाजूला ठेवा आणि एका फौंड्रीच्या कॉम्प्रेसरची गळती मोजा. रविवारी सगळी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) राहतो ते घड्याळ लावून टिपा. कुणीच हवा वापरत नसताना तो १० मिनिटांपैकी ३ मिनिटं लोडवर येत असेल तर त्याच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा गळते आहे. मालक हा आकडा लक्ष देऊन ऐकतो.

पुढचं थोडक्यात

केपीटीसीएल, हेस्कॉमच्या अभियंतापदाला इलेक्ट्रिकलची पदवी मागतात; वेगळ्या नावाची शाखा घेणार असाल तर जाहिरातीतली समकक्ष शाखांची यादी आधी वाचा. ऑडिटकडे जायचं तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची परीक्षा आहे: एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. त्यांची मार्गदर्शक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत असतात आणि दुसऱ्या वर्षापासून वाचली तर कॉलेजातल्या चार विषयांना पुरतात. एमटेकसाठी गेट या प्रवेशपरीक्षेच्या इंजिनिअरिंग सायन्सेस पेपरात २०२६ पासून एनर्जी सायन्सचा विभाग आला आहे. इलेक्ट्रिकलच्या मुलाने त्यातला उष्णतेचा भाग आणि मेकॅनिकलच्या मुलाने विजेचा भाग आधी काढून बघावा. पहिल्या वर्षी पाडलेल्या रकान्यांत जे रिकामं राहिलं होतं, तेच इथे अडतं.